दाजींची आठ तासांची झोप

आमच्या दाजींइतका झोपेचा मान राखणारा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. तुम्हीआम्ही सगळं उरकल्यावर उरेल तो वेळ झोपेला देतो. दाजींचं उलटं होतं. आधी झोप, मग उरल्या वेळात संसार, पाहुणेरावळे, भांडणं. पण त्यांना कुणी आळशी म्हणेल तर त्याची माझ्याशी गाठ आहे. सत्तर-बाहत्तरच्या सुमाराला ते दौंडच्या इंजिन-शेडमध्ये मालगाडीचे ड्रायव्हर होते. कोळशाच्या इंजिनावर सोळा-सोळा, अठरा-अठरा तास धग खाऊन यायचे. आल्यावर अंगावर दोन बादल्या पाणी ओतायचं, भाकरी खायची आणि आठ तास आडवं व्हायचं. या आठातलं एक मिनिट ते ना देवाला देत ना साहेबाला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लेखणी उचलली नसती. दाजींना दुसऱ्याच्या झोपेचीही तितकीच काळजी. मी शिरूरला शाळामास्तर. सुट्टी मिळाली की ते माझ्याकडे यायचे आणि आल्याआल्या बाजारपेठेत दाढीला जायचे. खुर्चीत बसण्याआधी न्हाव्याला प्रश्न ठरलेला, "काल किती झोपलास?" एकदा न्हावी बिचारा खरं बोलून गेला. म्हणाला, "पोरगी तापली व्हती मामा, डोळ्याला डोळा न्हाई." दाजींच्या तोंडाला तोवर साबण लागला होता. ते तसेच उठले, न्हाव्याला दंडाला धरून त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "मिट डोळं. वस्तरा हाय त्यो, कुंचा न्हाई." मग स्वतः दुकानाच्या पायरीवर तासभर बसून राहिले. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ओठावर बोट ठेवून गप्प करायचे. गालावर साबण वाळून पापुद्रे धरलेले. मी शाळेतून परत येताना हा देखावा पाहिला आणि सरळ रस्ता बदलला. गावात मास्तरांची काही अब्रू असते.

एसटीत चढताना तर मी त्यांच्यापासून चार हात लांबच राहायचो. शिरूर स्टँडवर गाडी लागली की हे ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे. "जयभीम साहेब. झोप झाली का?" एकदा एक ड्रायव्हर उखडला. म्हणाला, "न्हाई झाली. तुमच्या मांडीवर झोपू का?" दाजी जराही न रागावता म्हणाले, "झोपा की! मी टाइमकीपरला सांगतो, गाडी तासभर उशिरा सुटंल म्हणून." आणि खरंच कचेरीकडे निघाले. त्या ड्रायव्हरला खाली उतरून त्यांच्यापुढं हात जोडावे लागले.

माझ्या लग्नात, कवठे येमाईला, त्यांनी कहर केला. लग्न लावायला आलेले बौद्धाचार्य त्या दिवशी आधीच दोन लग्नं लावून सायकल मारत आले होते. दाजींनी त्यांचे डोळे पाहिले आणि मांडवामागं नेऊन त्यांना घोंगडीवर निजवलं. माझे सासरे संतापले. मंडळी ताटकळलेली, जेवण निवत चाललेलं, नवरी घामानं भिजलेली. दाजी म्हणाले, "आपल्यात मुहूर्त पाळीत न्हाईत ना? मग घाई कशाची? जन्माची गाठ बांधायचीया, पेंगत बांधली तर सुटंल." पाऊण तासानं बौद्धाचार्य उठले आणि असं काही खणखणीत त्रिशरण म्हणाले की सासऱ्यांचाही राग गेला. आमची गाठ अजून सुटलेली नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

दौंडला रेल्वेच्या चाळीत त्यांची खोली रुळांना इतकी लागून होती की इंजिनानं शिट्टी दिली की फळीवरचे पेले थरथरायचे. त्या शिट्टीनं दाजी कूसही बदलत नसत. कुणी कुजबुजलं की मात्र खाडकन जागे! त्यामुळं आक्काच्या घरी बोलायचं तर मोठ्यानं, नाहीतर मुळीच नाही, असा कायदा होता. दारावर एक पाटी टांगलेली, अक्षर दाजींचं, म्हणजे कोंबडीचे पाय : 'ड्रायव्हर झोपला आहे. आग लागली तरच उठवा. आग लहान असेल तर तुम्हीच विझवा.'

या सगळ्याला आम्ही हसायचो. पण माणूस हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. माझ्या घरी एकदा मार्केट यार्डातले एक अडतदार चहाला आले होते. कांद्याचे डबे कुठंतरी अडकून पडले म्हणून ते रेल्वेच्या नावानं खडे फोडत होते. "पॅसेंजरच्या ड्रायव्हरला नेमानं विश्रांती द्या, आमचं काही म्हणणं नाही. मागं माणसं बसलेली असतात. पण मालगाडीला कसले आलेत नियम? मागं नुसती पोती! पोती काय ओरडतात का? इकडं माल नासतो." दाजींनी बशी खाली ठेवली. "शेठ, पोती ओरडत न्हाईत, खरं हाय. पण समोरनं जी गाडी येती, तिच्यात कोण असतं? फाटकात बैलगाडी असती, तिच्यावर कोण असतं? आन् इंजिनावर आम्ही दोघं, मी आन् फायरमन, आम्ही पोत्यात धरायचं का माणसात?" शेठ म्हणाले, "तसं नव्हे हो." दाजी म्हणाले, "तसंच हाय. ज्याच्या मागं माणसं, त्येला झोप. ज्याच्या मागं पोती, त्यो मेला तरी चालंल. नियम मालगाडीला जास्ती कडक पायजे, कारण आमचा टाइमच कुणाला ठावं नसतो." शेठनी चहा अर्धा टाकला आणि मला पहिल्यांदाच वाटलं, या माणसाला वेड्यात काढताना आपण जरा घाई केली.

आता आक्काचं सांगतो. तिला एकच गोष्ट हवी होती. दाजींना पॅसेंजर गाडी मिळावी. पॅसेंजरला ठरलेली वेळ असते. गेलेला माणूस परत कधी येणार ते बायकोला कळतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि दोघांनी एका वेळी बसून खाल्लेली जेवणं तिला जवळजवळ तोंडपाठ होती. त्या वर्षी पॅसेंजरच्या यादीत दाजींचं नाव वर आलं. आणखी दोन महिने काही वाकडं झालं नाही की झालं. अडचण एवढीच की वर्षभरात तीनदा त्यांनी 'विश्रांती पुरी झाली नाही' म्हणून बोलावणं परत पाठवलं होतं आणि वरचे साहेब चिडून बसले होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी दौंडला गेलो होतो. दाजी सकाळी नऊला आले, अठरा तासांची ड्युटी करून. दहाला निजले. दुपारी एकला कॉलमन चाचा वही घेऊन दारात. शेडमधून बोलावणं आलं की हे चाचा घरोघर सायकलवर वही फिरवायचे. ड्रायव्हरनं सही केली की तो दोन तासांत कामावर हजर. आता त्या चाळीतली एक रीत सांगायला हवी. नवऱ्याची झोप अर्धा-पाऊण तास तरी वाचावी म्हणून सही बायकाच करायच्या. चाचांना ठाऊक, शेडच्या फोरमनला ठाऊक, सगळ्यांना ठाऊक. तिथल्या कित्येक बायका नवऱ्याची सही आधी शिकल्या आणि आपली मागाहून. आक्काही करायची, पण आठ तास भरत असतील तरच. त्याबाबतीत तिनं एकदाही दगा दिला नव्हता.

चाचा म्हणाले, "भाभी, तीनची गाडी हाय. मैं बोला, आदमी अभी आया. साहेब म्हणतात, आज न्हाई आला तर पॅसेंजरच्या यादीतून नाव कटलं समजा." आक्का वहीकडे बघत उभी राहिली. आत दाजींचं घोरणं संथ चाललेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "काय करू रं?"

आणि मी, मुलांना खरं बोलायला शिकवणारा मास्तर, खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. म्हणालो, "कर गं सही. एका दिवसानं काय होतंय?"

दोन वाजता तिनं दाजींना उठवलं. त्यांनी उठल्याबरोबर घड्याळ पाहिलं, बोटं मोजली. चारच तास झाले होते. "कोण आलंतं?" आक्कानं खाली बघून सांगितलं, "चाचा. मी सही केली." मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील.  पण ते खाटेवर पाय सोडून बसले. मग डगला चढवला. आक्का म्हणाली, "जाताय ना?" ते म्हणाले, "जातो की. सही झालीया न्हवं."

मी त्यांच्याबरोबर शेडपर्यंत चालत गेलो. वाटेत आपणहून म्हणाले, "मास्तर, नवा ड्रायव्हर व्हतो तवाची गोष्ट. वीस तास झालं व्हतं. एक स्टेशन गेलं ते आठवतं, आन् पुढचं आलं ते आठवतं. मधलं काय बी आठवत न्हाई. डोळं उघडं व्हतं, फायरमन सांगतो. मग गाडी कुणी चालवली? कुणाला खरचटलं सुद्धा न्हाई बघा. कुणी मेलं असतं तर चौकशी तरी झाली असती."  

फोरमनच्या खोलीत चाचा दाराशी उभे होते, चेहरा पांढराफटक. सही खोटी म्हटली तर चाचांची नोकरी जाणार, खरी म्हटली तर गाडी घेऊन जावं लागणार. दाजी टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, ही सही मी झोपेत केली. झोपेत सही करणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका."

फोरमननं वही उलटसुलट पाहिली. आक्काचं अक्षर मोत्यासारखं. "झोपेत एवढी सुरेख सही?" ते म्हणाले. "व्हय साहेब," दाजी म्हणाले, "जागेपणीच वाकडी येती." फोरमन हसले नाहीत. त्यांनी चाचांकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला हे वर कळवावं लागेल." दाजी म्हणाले, "कळवा. आन् चार तासांत बोलावलं व्हतं, ते बी कळवा."

ती गाडी दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली आणि ती सुखरूप पोचली. काहीसुद्धा झालं नाही. चाळ म्हणाली, बघा, उगाच नाव घालवलं. यादीतून दाजींचं नाव गेलं आणि पंधरा दिवस घरी बसवलं. ते पंधरा दिवस आक्कानं दोन्ही वेळा त्यांच्याबरोबर बसून जेवून घेतलं. मग पुन्हा मालगाडी. निवृत्त होईपर्यंत मालगाडीच.

आक्कावर त्यांनी कधी राग धरला नाही, आणि ती म्हणायची की तेच तिला जड जातं. पण तिनंही त्यांना पेन कुणाचं होतं ते सांगितलं नाही. मी सांगणार होतो. निवृत्तीनंतर ते शिरूरला येऊन महिना-महिना राहायचे. घोडनदीच्या पुलापर्यंत आम्ही रोज फिरायला जायचो, आणि मी रोज ठरवायचो की आज सांगू. ते चालता चालता माझी चौकशी करायचे, "मास्तर, झोप लागती ना नीट?" मी म्हणायचो, "लागते की दाजी." सहीचं ते पहिलं खोटं, हे दुसरं. आता ते नाहीत, आक्काही नाही, आणि एवढी एक गोष्ट सांगायला मला माणूस उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगितली.