धुराची वेणी

पंख्याची हवा कशी वाहते हे दाखवायला नांदेडच्या कॉलेजात मी आजही उदबत्ती पेटवते, आणि तो वास मला थेट लातूरच्या क्लासात नेतो.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मी छताखाली बसायलाच घाबरायचे. क्लासातही दाराशीच बसायचे. एका दुपारी मैत्रीण नसरीननं टेबलफॅनच्या पाठीमागं उदबत्ती धरली. धूर सरळ आत ओढला गेला आणि पुढून वेणीसारखा पीळ घेत निघाला. हातभर पुढं जाऊन विस्कटला.

“अगं, वारा गोल फिरायलाय!” मी उठून पंख्याजवळ धावले.

तेवढ्यात जमीन हलली, पत्रे खडखडले. सगळे बाहेर पळाले. नसरीननं माझा हात ओढला.

“थांब, वेणी कुठं सुटते ते बघू दे!” मी हात सोडवत म्हणाले.

“तुला भेव न्हाई वाटत?” तिनं विचारलं.

तेव्हा कुठं मला आठवलं, मी घाबरायला हवं होतं.