बायकोची कैफियत

निजामाच्या अमलात आमच्या दवाखान्याचं सगळं लिखाण उर्दूत चाले. मी तिथे कंपाउंडर होतो. औषधं घोटणं, जखमा बांधणं ही माझी कामं. पण अक्षर बरं म्हणून डॉक्टरसाहेबांच्या कैफियती उतरवणंही माझ्याकडेच आलं. एखादा अवघड रोगी आला, की त्याला काय झालं होतं, कुठे कापलं, पुढे काय झालं, हे सगळं साहेब तपशीलवार सांगत आणि तो कागद हैदराबादला वरिष्ठांकडे जाई. चांगल्या कैफियतीवर बढती मिळते, असं ते उघड म्हणत.

माझ्या बायकोचं पोट दिसायला लागलं तेव्हा घरात आनंद झाला. लग्नाला सात वर्षं झाली होती. दहावा महिना सरल्यावर तीच म्हणाली, "हे लेकरू न्हाई. लेकरू हाललं असतं."

साहेबांनी तपासलं. पोटात पाण्याची गाठ होती. एवढी मोठी गाठ त्यांनी आजवर पुस्तकातच पाहिली होती, आणि ती सापडल्याची खुशी मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. दिसूनही मी बायकोला म्हणालो, "कापून घेऊ."

"तुमी असताल ना तिथं?" तिने विचारलं.

"मीच भूल देणार हाय."

क्लोरोफॉर्मचा फडका मीच तिच्या नाकाशी धरला. गाठ अखंड निघाली. टाके घालून झाल्यावर साहेबांनी ती तराजूत घालायला लावली, आणि ते दिवसभर आल्यागेल्याला वजन सांगत राहिले.

चकलांब्याहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्या लेकीच्या उशाशी बसून असत. तिसऱ्या दिवशी साहेबांना एका बड्या अंमलदाराच्या शिकारीच्या मुक्कामावर, आष्टीकडे, जायचं होतं. निघताना ते म्हणाले, "आज से पतली पेज दो." ते मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी तांदळाची पेज शिजवून, गाळून, चमच्याने भरवली. दुसरं काही त्या पोरीच्या तोंडात गेलं नाही.

चौथ्या दिवशी तिला ताप भरला. पट्टी सोडली तर टाक्यांतून पू येत होता. मी साहेबांकडे घोडेस्वार पाठवला. पाचव्या दिवशी पोट फुगून कडक झालं.

"दगडावानी झालंय," ती म्हणाली. "कावून हो?"

मी तिला पट्टी बदलली की बरं वाटेल असलं काहीतरी सांगितलं. सहाव्या दिवशी सकाळी ती गेली. साहेब दुपारी आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाठ नीट ठेवली आहे ना, ते विचारलं.

महिन्याभराने त्यांनी मला कैफियत लिहायला बसवलं. गाठीचं वर्णन दीड पान झालं. मग ते सांगू लागले, की पाचव्या दिवशी रोग्याच्या आईने हुकूम मोडून तिला भाकरी चारली, त्यामुळे आतडं बिघडलं आणि मृत्यू आला; एरवी शस्त्रक्रिया यशस्वी होती.

मी बोरू थांबवला. "साहेब, भाकरी दिली नाही. पेज दिली. तुमच्याच हुकमाने."

ते चिडले नाहीत. "ज़ख़्म ख़राब हुआ लिखूँ, तो पूछेंगे डॉक्टर कहाँ था," एवढंच म्हणाले. "लिखिए."

मी लिहिलं. नोकरी जाईल म्हणून लिहिलं, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. खरं तर त्यांनी नोकरीचं नावही काढलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला सासूबाई आल्या. जेवणं उरकल्यावर त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "जावईबापू, खरं सांगा. मी पेज लई घट्ट केलती का?"

"न्हाई मामी. तुमचं काहीच चुकलं न्हाई."

"मग झालं," त्या म्हणाल्या. पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. कागदाबद्दल मी बोललो नाही, त्या असेपर्यंत कधीच बोललो नाही.

साहेबांची बढतीवर बदली झाली. नवे साहेब आले, तरुण आणि कष्टाळू. दिंद्रुडची एक बाई तसलीच गाठ घेऊन आली तेव्हा त्यांनी कपाटातून त्या कैफियतीची माझ्या हातची नक्कल काढून दोनदा वाचली, आणि हुकूम दिला, की कापलेल्या बाईजवळ तिच्या माहेरचं कोणीही फिरकायचं नाही.

त्या दिवशी मात्र मी सगळं सांगितलं. शिकार, पू, पेज, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तुम्ही लिहिलंत कशाला?"

ते म्हणाले, आता इतक्या दिवसांनी मी दुःखाने बोलतो आहे की खरं बोलतो आहे, हे त्यांनी कसं ठरवावं? कागद तर हैदराबादला मान्य झालेला आहे.

त्या बाईची आई नऊ दिवस फाटकाबाहेर लिंबाखाली बसून होती. आत कोणी कण्हलं, की ती उठून उभी राही. शिपाई म्हणे, "बस खाली, तुझी न्हाई ती." पोर वाचली. नव्या साहेबांनी त्याचं श्रेय नियमाला दिलं, आणि नियम पक्का झाला. पुढे मी होतो तोवर त्या दवाखान्यात कापलेल्या एकाही बाईच्या उशाशी तिची आई बसली नाही. त्यातल्या ज्या मेल्या, त्या एकट्या मेल्या.