खूण म्हणून जपलेलं दुखणं

माझी भक्ती कमी पडली असं मला कधी वाटलं नाही. जरा जास्तच झाली, असं आता वाटतं. माझी सून मनीषा पस्तिशीत असताना तिची पाळी थांबली. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दिवस गेले म्हणून मी हरखले, पण तपासणीत तसं काही निघालं नाही. पुढे तिच्या छातीतून दूध येऊ लागलं. ती घाबरली, दवाखान्यात जाऊया म्हणाली. मी मात्र देवापुढे साखर ठेवली आणि तिला बजावलं, ही अंबाबाईची खूण आहे, मूल येणार. कुठं बोलायचं नाही. चार वर्षं तिनं माझं ऐकलं. घरात माझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता.

एका शुक्रवारी दर्शनाच्या रांगेत मागच्या बाईचं लक्ष मनीषाच्या ओल्या ब्लाउजकडे गेलं. बिद्री गावाकडची, म्हशी पाळणारी बाई होती ती.

"पोरगी बाळंतीण हाय व्हय, मावशी?"

"मूल न्हाय अजून. देवीची खूण हाय ती," मी कौतुकानं म्हणाले.

"कसली खूण घिऊन बसलायसा! रेडकू पीत असंल तवर म्हस लवकर माजावर येत न्हाय, गाभण ऱ्हात न्हाय. हिच्या मांडीवर लेकरू न्हाय, मग दूध कशापायी? डॉक्टरला दावा की आधी!"

माझ्या सुनेची तुलना म्हशीशी! मला भयंकर राग आला. पण मनीषा भर रांगेत रडू लागली. दर्शन न घेता आम्ही बाहेर पडलो आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातल्या प्रोलॅक्टिनमुळे बाळंतिणीला दूध येतं. तेच अवेळी वाढलं, तर बीज तयार करण्याचे निरोप अडतात आणि पाळी थांबते. मनीषाच्या ग्रंथीत छोटी गाठ होती, कॅन्सरची नव्हे, गोळ्यांनी आटोक्यात येणारी. "इतकी वर्षं का थांबलात?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. मनीषा म्हणाली, "मीच अंगावर काढलं."

गोळ्यांनी दूध थांबलं, पाळी सुरू झाली. मूल मात्र झालं नाही. आता तिनं चाळिशी ओलांडली आहे. ती बाई पुन्हा भेटली नाही. देवीनंच तिला पाठवलं असं मी मानते, आणि शरमते. शरण आले म्हणत मी देवीच्या तोंडी माझंच म्हणणं घालत होते.

परवा हळदीकुंकवाला कुणीतरी मनीषाच्या रिकाम्या कुशीबद्दल हळहळलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दोष तिचा न्हाय, माझा हाय. मीच तिला डॉक्टरकडं जाऊ दिलं न्हाय." मनीषा उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले.

"हे तेव्हा डॉक्टरांसमोर बोलायला पायजे होतं, आई," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा मला उलटून बोलली. तिला बोलतं केल्याबद्दल मी तिथंच, ओट्यापाशी, देवीला हात जोडले.