हरणाऱ्याने फिरवायची नदी

माझ्या टेबलावर सध्या दोन कामं आहेत. पहिलं म्हणजे माझ्या अद्भुत कादंबरीचा तिसरा भाग. त्यात अस्वलांचा राजा चार महिन्यांपासून एका पुलावर उभा आहे आणि काही केल्या पलीकडे जात नाही. दुसरं म्हणजे त्याच राज्यावर बेतलेल्या, पटावर खेळायच्या खेळाची नवी आवृत्ती. घरात या दोन्हींना मिळून एकच नाव आहे. कुणी फोनवर माझी चौकशी केली की सूनबाई सांगते, "बाबा ना, त्यांचं ते करून राह्यले." किराणा दुकानदार, जो कधीकाळी माझा विद्यार्थी होता, तेल मोजता मोजता विचारतो, "सर, उतरलं का अस्वल पुलावरून?"

मी उभा जन्म मलकापुरात भूगोल शिकवला. नदी उंचावरून सखल भागाकडे वाहते, हे न लिहिणाऱ्या मुलांचे गुण कापले. त्याच मास्तराचं नाव आता डोंगर चढणाऱ्या नदीमुळे चार लोकांना माहीत आहे. जुने विद्यार्थी भेटले की कापलेले गुण परत मागतात.

गेल्या महिन्यात खेळ छापणाऱ्या पुण्याच्या तरुणाचा फोन आला. "काका, नव्या खोक्यात एक पान ठेवलंय, 'हा खेळ कसा सुचला' म्हणून. मागच्या वेळचंच द्या, फक्त जरा रंगवून."

मागच्या वेळचं पुरेसं रंगवलेलं होतं. त्यात लिहिलं होतं की एका संध्याकाळी पूर्णेच्या काठावर बसलो असताना मला नदी उलटी वाहताना दिसली, घरी येऊन मी पट आखला आणि त्यावरचा पहिलाच डाव जिंकलो. यातली पूर्णा नदी तेवढी खरी आहे.

आता खरं काय ते लिहितो.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या एका मित्राचं शिलाईचं दुकान आहे. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. सगळं गाव त्याला चाचा म्हणतं, मी भाई म्हणतो. निवृत्तीनंतर मी दुपारी तीन वाजता त्याच्याकडे जाऊन बसू लागलो. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून मी त्यावर माझं राज्य आखलं होतं. वर डोंगर, तिथे अस्वलं आणि मध. खाली सपाटी, तिथे माणसं आणि मीठ. मधून नदी. एकाने मध खाली न्यायचा, दुसऱ्याने मीठ वर न्यायचं. शर्टाच्या गुंड्या म्हणजे नावा. फोडलेले चिंचोके टाकायचे, जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढे. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या नावेला दोन घरं जास्त, उलट जाणारीला दोन कमी. मधे खडकांची घरं, तिथे पडलेली नाव अडकायची.

डोंगराची बाजू माझी, कारण पंखा त्या बाजूला होता. मी रोज जिंकायचो. खेळ अगदी समतोल आहे, असं मी भाईला समजावत असे. जिंकणाऱ्याला प्रत्येक खेळ समतोलच वाटतो.

महिनाभरात पुठ्ठा चहाने मऊ पडला. भाई म्हणाला, कापडाचा शिवून देतो. चार दिवसांनी त्याने पट पसरला. तपकिरी पॅन्टीच्या कापडाचे डोंगर, हिरव्या अस्तराची सपाटी आणि शाळेच्या गणवेशाच्या आकाशी कापडाची नदी, तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याचे बाण. सुंदर होता. फक्त सगळे बाण डोंगराकडे होते.

"भाई, नदी डोंगरावर चढते का कधी?"

"आपून खुणा कापडाच्या उलट्या बाजूनं करतो ना, झाली गफलत."

"गफलत कशी चालेल? मी भूगोलाचा मास्तर आहे."

"काय बापा मास्तर, तुमच्या गोष्टीत अस्वलं बोलतात, जकात घेतात, लग्नाच्या पंगती उठवतात. अन् एक नदी चढली तं काऊन आभाळ कोसळून राह्यलं तुमच्यावर?"

मी चिंचोके उचलले. आम्ही खेळलो आणि मी हरलो, तेही सपाटून. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणून गेलो नाही. अंग दुखत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गेलो, तर भाईने नदीची पट्टी उसवून तिला टिचबटणं लावली होती. चट्‌चट्‌ काढायची, फिरवायची, पुन्हा लावायची.

"जो हारन, तो दुसऱ्या डावाले नदी फिरवन," तो म्हणाला. "म्हणजे कोणाचं अंग दुखणार नाही."

तो खेळ तिथे जन्मला. आज लोक मला पत्रं लिहितात ती त्या एका नियमासाठी, आणि कादंबरीतल्या हरलेल्याच्या बाजूने वळणाऱ्या नदीसाठी. पहिला भाग निघाला तेव्हा गावच्या वाचनालयात माझा सत्कार झाला. कुणीतरी विचारलं, ही नदी सुचली कशी? शाल अंगावर होती, समोर माणसं होती. बोलता बोलता मी पूर्णेच्या काठावर जाऊन बसलो. भाई तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा कुडता घालून ऐकत होता. बाहेर पडताना म्हणाला, "चांगलं बोलले मास्तर." एवढंच. पण त्या दिवसापासून पट पसरताना तो रोज विचारतो, "आज कोणत्या बाजूनं वाहून राह्यली तुमची नदी?" नऊ वर्षं मी ते 'तुमची' ऐकतो आहे आणि चिंचोके मोजत असल्यासारखं करतो आहे.

या वेळी मी ते पान नव्याने लिहिलं आणि त्याच्याकडे घेऊन गेलो. इतकी वर्षं जे आम्ही न बोलता निभावलं, ते बोलल्यावर तो पट कायमचा गुंडाळून ठेवेल, असं वाटत होतं. या वयात दुपारी तीन वाजता जायला दुसरं ठिकाण नाही.

त्याला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. बोटातलं अंगुस्तान मशीनवर टकटक वाजवत तो ऐकत होता.

"खोक्यावर आता दोघांची नावं येतील," मी म्हणालो.

"'चुकून' काढा."

"म्हणजे?"

"टेलरकडून नदी चुकून उलटी लागली, असं लिहिलं तुमी. लोकं उद्या पॅन्टी घेऊन येतील, म्हणतील पाय बी असाच लावला काय? मुद्दाम लावली होती म्या."

"मुद्दाम?"

"मंग? महिनाभर हारून राह्यलो होतो. तुमी पंख्याखाली बसून मध वाहता, अन् मी घाम गाळत मीठ चढवतो. म्हटलं, मास्तरले समजावण्यापरीस नदीले समजावणं सोपं."

मी 'चुकून' खोडलं. मग विचारलं, "भाई, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"नदीचं काय घेऊन बसले? नदी ठेवा तुमी. तिले पुस्तकात वाहवणं मले कुठं जमणार होतं?" अंगुस्तान थांबलं. "पण तुमी छापलं का पहिला डाव तुमी जिंकले. थे मले लागलं. तुमच्या तीन नावा खडकात अडकल्या होत्या, अन् तुमी म्हणत होते का चहा थंड होता म्हणून हारलो."

चहाबद्दल मी असं म्हणालो होतो, हे मला आठवलं. चहा गरम होता, हेही आठवलं.

तिथेच बसून मी नवं वाक्य लिहिलं: या पटावरचा पहिला डाव माझे मित्र जिंकले. त्याने ते दोनदा वाचायला लावलं आणि 'तीन नावा अडकवून' एवढं मधे घालायला सांगितलं. ते घातलं. मग त्याने आपली सपाटी पंख्याकडे येईल असा पट पसरला आणि माझ्याआधी जाऊन पंख्याखाली बसला.

आदल्या दिवशी मी हरलो होतो, म्हणजे नदी फिरवायची पाळी माझी होती. मी ती तशीच राहू दिली.

"दया करून राह्यले का माझ्यावर? फिरवा."

मी टिचबटणं काढली, नदी फिरवली, पुन्हा लावली आणि खेळायला बसलो. तरीही हरलो. चहा गरम होता.