लेकीच्या खोलीतली लाकडी जमीन

परभणीत ऐन मे महिन्यात दमट हवेशी लढलेला माणूस बहुधा मी एकटाच. आमच्याकडे त्या दिवसांत धुतलेला टॉवेल दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत पापडासारखा कडक होतो. तरीही मी लढलो, आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे जिंकलोही!

झालं असं, की आमची एकुलती एक लेक पल्लवी पहिल्या बाळंतपणाला येणार होती. पुण्यात तिच्या फ्लॅटमध्ये लाकडी जमीन आहे. आमच्याकडे आपली शहाबादी फरशी. माहेरी तिला काही कमी वाटू नये म्हणून मी तिच्या खोलीत लाकूड बसवून घेतलं. बायको म्हणाली होती, की त्यापेक्षा आणखी एक कूलर घ्या. त्यावर मी तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की तिने कूलरचा विषयच सोडला. (ती नजर तिने जपून ठेवली. पुढे मला ती व्याजासकट परत मिळाली.) पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, आणि ते नीट पार पडलं की बाप गल्लीतून ताठ मानेने फिरतो. मला तसं फिरायचं होतं.

जमीन बसवणाऱ्या दुकानदाराने जाताना बजावलं, की लाकडाला दमट हवा चालत नाही, फुगतं. वर हवेतला दमटपणा दाखवणारं एक काट्याचं यंत्र भेट दिलं. माझ्यासारख्याच्या हाती असं यंत्र देऊ नये. आमच्याकडे रक्तदाबाचं यंत्र आलं होतं तेव्हा मी दूधवाल्यालाही सोडलं नव्हतं!

पल्लवी आली. बायकोने दारात भाकरतुकडा ओवाळला, तिच्या पायांवर पाणी घातलं. मी लगेच पंचा घेऊन खाली वाकलो. बाप पाया पडतोय असं वाटून बिचारी लाजून मागे सरली. मी फक्त तिचे तळवे कोरडे करत होतो.

मग तिच्या खिडकीला घरातला एकुलता एक कूलर लागला, आणि काटा चढायला लागला. मी कूलर बंद केला. काटा उतरला. जीव भांड्यात पडला (माझा). पंखा तेवढा ठेवला, तो भट्टीवरचा वारा इमानदारीने खाली ढकलत राहिला. बायकोने खिडकीला ओली चादर लावली, मी ती काढली. तिने माठ आत ठेवला, मी तो अंगणात नेला.

"बाबा, लय उकडायलंय," पल्लवी म्हणाली. "घंटाभर तरी लावा की कूलर."

मी तिला लाकूड कसं फुगतं ते समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, उशी उचलली, आणि स्वयंपाकघरातल्या शहाबादीवर जाऊन आडवी झाली. मला फार वाईट वाटलं. एवढं लाकूड घातलं ते कोणासाठी?

नेमक्या त्याच दुपारी विहीणबाई जवळच्याच ताडकळसहून, पल्लवीच्या सासरच्या गावाहून, टरबुजं घेऊन आल्या. सून गॅसच्या ओट्याखाली पदराने वारा घेत पडलेली. त्यांनी कारण विचारलं. मी त्यांना खोलीत नेऊन काटा दाखवला. (अभिमानाने! हे लिहितानाही कान तापतात.) त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग बाहेर येऊन पल्लवीच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

"व्याहीबुवा, लाकूड तुमी सांभाळा," त्या म्हणाल्या. "पोरीला आमी सांभाळतो."

संध्याकाळी जीप आली. पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक सासरचे लोक परत घेऊन जातात, हे आमच्या गल्लीने प्रथमच पाहिलं, आणि नीट पाहता यावं म्हणून खुर्च्या टाकून पाहिलं. पल्लवी जाताना रडली. मी रडलो नाही. दमटपणा वाढला असता.

पुढच्या आठवड्यात खोलीतून टकटक आवाज येऊ लागले. जाऊन पाहतो तर पट्ट्यापट्ट्यांत बोटभर फटी, दोन पट्ट्या उभ्या चिरलेल्या. मी दुकानदाराला फोन लावून तोंडाला येईल ते बोललो. त्याने शांतपणे विचारलं, की कूलर चालू आहे ना. मी म्हणालो, एक दिवससुद्धा लावू दिला नाही.

"मग फाटंलच की साहेब. एवढ्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं. उन्हाळ्यात कूलर पाहिजेच त्याला."

"तुमीच म्हणलाव ना, दमट नको म्हणून?"

"दमट नको म्हणलो. वाळवा कुठं म्हणलो?"

म्हणजे लेकीला जे हवं होतं तेच लाकडालाही हवं होतं. लेकीने तर ते तोंडाने मागितलं होतं, तरी तिला मिळालं नाही.

नात झाली. बारशाला मी ताडकळसला गेलो आणि पाहुण्यासारखा जेवून आलो. बायको नातीला न्हाऊमाखू घालायला तिकडेच राहिली आहे. घरी मी एकटा. कूलर पल्लवीच्या खोलीला लावलाय, मी बाहेरच्या खोलीत घामाघूम होऊन पडतो. पहाटे उठून टाकीत पाणी भरतो, काटा बघतो, पट्ट्यांना हलक्या हाताने तेल चोळतो. फटी मिटत आल्यात, रंगही उजळलाय. बाळंतपण करायची माझी हौस अशी फिटली. बाळंतीण सागवानी आहे, एवढंच.