मॉरीनच्या गावचा पडका मठ

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरच्या वायरी साठतात, तसे ते साठत जातात. कुठली वायर कशाची हे आठवत नाही, पण टाकवतही नाही. दोन हजार वीसच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जुलै-ऑगस्टात, मेलबर्न बंद झालं आणि आम्ही तो ड्रॉवर उघडून बसलो.

आम्ही म्हणजे पाच जण. मी आणि माझा नवरा सुधीर, राहणार ग्लेन वेव्हर्ली. आमच्या कुंपणापलीकडची मॉरीन, पन्नासेक वर्षांपूर्वी आयर्लंडहून आलेली, वय ब्याऐंशी. विद्याताई, पुण्यात मेडिकलच्या पोरांना अ‍ॅनाटॉमी शिकवून रिटायर झालेल्या आणि आता इथे मुलाकडे असणाऱ्या. आणि नितीन. तो युनिव्हर्सिटीसाठी आला, आमच्या मागच्या खोलीत दोन वर्षं राहिला, फिजिओ झाला, आणि घर बदललं तरी आमचाच राहिला.

दर शनिवारी दुपारी चारला आमचं झूम असायचं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, व्यायामाला बाहेर पडायचं ते एकच तास, त्यामुळे नवीन सांगण्यासारखं कुणाकडे काही नसायचं. मग गाडी आपोआप आदल्या वर्षीच्या ट्रिपवर यायची. मॉरीनबरोबर आम्ही चौघं तिच्या गावी, आयर्लंडच्या पश्चिमेला गेलो होतो, ती ट्रिप.

*

तिचं आमंत्रण मोठं मजेशीर होतं. एका संध्याकाळी कुंपणावरून तिने सुधीरला सांगितलं, "माझ्या गावाबाहेर एक पडका मठ आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा. छप्पर नाही, भिंती अर्ध्या, दोन-तीन दगडी क्रॉस. बघण्यासारखं खरं तर काहीच नाही."

"मग तू दर वर्षी का जातेस?" सुधीरने विचारलं.

ती विचार करून म्हणाली, "ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही या आणि सांगा."

सुधीरने त्याच आठवड्यात तिकिटं काढली. आमच्या घरात एरवी पडद्याचं कापड ठरायलाही दोन महिने लागतात.

*

मठ एका शेताच्या मधोमध होता. रस्त्याच्या कडेला लोखंडी फाटक, आत गुडघाभर गवत, गवतात गाई, आणि गाईंच्या मागे काळपट दगडांच्या भिंती. विद्याताईंनी सवयीने पर्स उघडली आणि तिकिटाची खिडकी शोधू लागल्या.

शेतमालक डेक्लन तिथेच उभा होता. सत्तरीचा, मॉरीनचा लहानपणापासूनचा शेजारी. त्याने विचारलं, "काय हरवलं?"

"तिकीट कुठे मिळतं?"

"आत गेल्यावर फाटक लावून घ्या," डेक्लन म्हणाला. "तेच तिकीट."

विद्याताईंनी फाटक लावलं, कडी दोनदा तपासली, आणि मग त्याला म्हणाल्या, "जाताना बाहेर पडायचं तिकीट पण हेच का?"

*

सगळ्यात उंच क्रॉस माझ्या दुप्पट होता. आडव्या-उभ्या दगडाभोवती एक कडं, आणि अंगभर चौकटी कोरलेल्या. पावसावाऱ्याने चेहरे पुसट झालेले, पण माणसं ओळखू यायची. कुणी हात वर केलेला, कुणी घोड्यावर.

"हे कडं कशासाठी?" सुधीरने विचारलं.

"अभ्यासक बरंच काय काय सांगतात," मॉरीन म्हणाली. "सूर्य म्हणतात, स्वर्ग म्हणतात. माझे वडील गवंडी होते. ते म्हणायचे, दगडाचे हात गळून पडू नयेत म्हणून आधार दिलाय."

विद्याताई तोवर गवतात खाली बसल्या होत्या आणि सगळ्यात तळची चौकट बोटाने चाचपत होत्या. मॉरीन म्हणाली, "तू बरोबर खालून सुरुवात केलीस. बहुतेक लोक वरून बघतात."

"आमच्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ असतात," विद्याताई म्हणाल्या. "लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. तो खालून वर वाचायचा. खाली तो मरतो, वर देवाजवळ पोचतो."

दोघी मग अर्धा तास तिथेच. विद्याताईंचं इंग्रजी पुस्तकी आणि मॉरीनचे उच्चार असे की मलाच निम्मे कळत नाहीत. परत आल्यावर मी विचारलं, तुम्हाला सगळं समजत होतं? विद्याताई म्हणाल्या, "नाही गं. पण चौकट बदलली की दोघी एकदम वर सरकत होतो."

*

नितीनचा किस्सा तर दर शनिवारी व्हायचाच. मठातल्या चर्चच्या दारात येताच तो थांबला आणि बूट काढू लागला. गवत पावसाने ओलंचिंब होतं.

"काय करतोयस?" मॉरीनने विचारलं.

"देवाच्या दारात आलोय ना."

"अरे, त्याला छप्परसुद्धा नाही."

"आमच्या गावच्या महादेवालाही नाही," नितीन म्हणाला आणि मोजे खिशात घालून आत गेला.

मॉरीन थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सुधीरचा हात धरला, हळूहळू वाकली आणि स्वतःचे बूट काढले. मला एकदम भरून आलं. मी म्हटलं, मॉरीन, किती छान वाटलं तुला असं करताना बघून.

"छान कसलं," ती म्हणाली. "लहानपणी इथे आम्ही अनवाणीच यायचो. बूट नव्हते."

*

मॉरीनची मोठी बहीण ब्रीडा त्याच गावात एकटी राहायची. सहा फूट उंच, आवाज खर्जातला. मठ बघून आल्यावर तिच्याकडे चहा होता. विद्याताईंनी केकचा एक तुकडा खाल्ला आणि दुसऱ्याला नको म्हणाल्या. ब्रीडाने वाढला. तिसऱ्याला त्यांनी बशीवर हात धरला. ब्रीडाने हात उचलून बाजूला ठेवला आणि वाढला. पाच तुकडे झाले तेव्हा विद्याताई मराठीत मला म्हणाल्या, "हिला सांग ना, मी खरंच नको म्हणतेय."

मी सांगितलं. ब्रीडाला धक्काच बसला. "मग ती खऱ्यासारखं नको का नाही म्हणाली?"

*

मठात एक तुटका गोल मनोरा होता. त्याचं दार जमिनीपासून दोन पुरुष उंच. समुद्रावरून लुटारू आले की साधू म्हणे शिडीने वर चढायचे आणि शिडी ओढून घ्यायचे. तेव्हा आम्ही ते नुसतं ऐकलं होतं. लॉकडाऊनच्या सातव्या-आठव्या आठवड्यात नितीनने झूमवर त्या मनोऱ्याचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "हे लोक त्या काळीच आयसोलेट होत होते."

विद्याताईंचा मुलगा हॉस्पिटलात कोविड वॉर्डला होता. घरी आला की गॅरेजमध्ये झोपायचा. त्या म्हणाल्या, "शिडी ओढून घेतल्यावर खाली कोण राहायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही आपल्याला."

त्या शनिवारी झूम लवकर संपलं.

*

ऑगस्टअखेर ब्रीडा गेली. कोविडने नव्हे, म्हातारपणाने, झोपेत. मॉरीनला जाणं शक्यच नव्हतं. देशाबाहेर पडायला परवानगी लागत होती, आणि ती मिळाली असती तरी ब्याऐंशीव्या वर्षी तिला विमानात बसवायला डॉक्टर तयार नव्हता. आम्हालाही तिच्या घरात जायची बंदी. ती अंगणात खुर्ची टाकून बसली होती आणि आम्ही दोघं कुंपणाच्या अलीकडे मास्क लावून उभे होतो.

माझी भाची ईरा त्या गावापासून अर्ध्या तासावर औषधांच्या कारखान्यात नोकरीला लागली होती. मी तिला फोन केला. ब्रीडाला तिने कधी पाहिलंही नव्हतं. "मावशी, आय'ल गो," एवढंच म्हणाली. तिने रजा टाकली.

गावातल्या जुन्या घराण्यांना अजूनही त्या मठाच्या भिंतींच्या आतच पुरतात. ब्रीडाची जागाही तिथेच, आईवडिलांजवळ. अंत्यविधीच्या वेळी आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते, तिकडे सकाळ होती. मी फोन कुंपणाच्या खांबावर टेकवून ठेवला. विद्याताई आणि नितीन आपापल्या घरून कॉलवर होते. ईरा चालत होती तसं चित्र हलत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं अंतर ठेवून उभी होती. मग भिंती, मग उंच क्रॉस, मग खड्डा. मॉरीन प्रत्येकाचं नाव हळूच घेत होती. "तो पोस्टमन. ती त्याची सून. केस केवढे पांढरे झाले."

पाद्र्याची प्रार्थना झाली, माती पडली, माणसं पांगली. ईराने विचारलं, "मॉरीन, फोन ठेवू?"

"राहू दे थोडा वेळ."

ईरा तशीच उभी राहिली. वाऱ्याचा आवाज येत होता, कावळे ओरडत होते. दहा मिनिटं झाली असतील, वीसही असतील. मग डेक्लन आला. कुणाशी बोलतेयस असं त्याने ईराला विचारलं, आणि फोन हातात घेतला. त्याचा चेहरा फार जवळ आल्यामुळे फक्त कपाळ आणि टोपी दिसत होती.

"मॉरीन," तो म्हणाला, "ब्रीडाच्या बाजूची जागा तुझी आहे. लोक विचारतायत. धरून ठेवू ना?"

मॉरीन फोनच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "तिथून डोंगर दिसतो का रे अजून?"

"दिसतो की."

"मग तूच घे ती जागा, डेक्लन. मी इथेच बरी."

तिने चष्मा काढून स्वेटरला पुसला, परत घातला आणि कुंपणावरून सुधीरला विचारलं, "उद्या कचऱ्याचा कुठला बिन बाहेर काढायचाय? पिवळा की हिरवा?"