खातेदाराला फोनवर बोलवा

आईचं ऑपरेशन परळच्या हॉस्पिटलात झालं. डावा स्तन काढावा लागला. घरी आल्यावर पहिल्यांदा ब्लाउज घातला तेव्हा ती आरशात बघून एवढंच म्हणाली, "एक खांदो खाली गेलो." बाजारातली सिलिकॉनची वस्तू आम्हाला परवडणारी नव्हती आणि आईला ती अंगाला लागलेलीही नको होती. ती करी रोडला आमच्या चाळीत ब्लाउज शिवायची. तिने जुन्या मलमलीची एक गोल पिशवी शिवली, आत कापूस भरला आणि वजन यावं म्हणून मधोमध मूठभर मोहरी घातली. खांदा सरळ झाला.

त्या वस्तूला आई 'उशी' म्हणायची. तपासणीला गेली की रांगेत बसलेल्या बायका तिला हळूच विचारायच्या. मग तिने त्यांच्यासाठीही शिवायला सुरुवात केली. कोणी आमच्या दारात येऊन रडायला लागली की आई म्हणायची, "रडा नको गो, बस हंय," आणि माप घ्यायची टेप काढायची.

समोरच्या खोलीत माझी लहानपणापासूनची मैत्रीण राहते. ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या मुंबईच्या ख्रिस्ती लोकांतलं कुटुंब, तिसरी पिढी त्याच खोलीत. ती एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघते. तिने आईला एक साधी वेबसाइट करून दिली. नाव आईनेच सुचवलं, त्यात 'स्तन' हा शब्द सरळ होता. मी जरा कचरले, तर आई म्हणाली, "ज्या बाईला शोधायचं आहे ती कुठला शब्द लिहिणार?" नाव एका कंपनीकडे आईच्या नावाने, आईच्या मोबाइल नंबरवर नोंदवलं. अशा कंपन्या वेबसाइटची नावं देतात आणि दर वर्षी पैसे घेऊन ती चालू ठेवतात, एवढं मला कळलं. त्या नावाच्या पत्त्यावर बायकांच्या मेल यायला लागल्या. साताऱ्याहून, चंद्रपूरहून, एकदा तर मस्कतहून. घरच्यांना सांगू नका, असं बऱ्याच जणी लिहायच्या.

आई गेली ती त्याच आजाराने, आठ वर्षांनी. मी आणि मैत्रिणीची आई आम्ही दोघी उशा शिवत राहिलो. बारशाला, तेराव्याला, नाताळला एकमेकींकडे जाणारी घरं आमची, त्यात हे काम कोणी वाटून घेतलं असं झालंच नाही, ते चालूच राहिलं.

आई गेल्यावर काही महिन्यांनी कंपनीची मेल आली. तुमची माहिती तपासा, ती चुकीची असेल तर नाव रद्द होऊ शकतं. मी घाबरले. नियमाप्रमाणे करावं म्हणून लगेच उत्तर लिहिलं, खातेदार माझी आई होती, तिचं निधन झालं आहे, कृपया खातं माझ्या नावावर करा. त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला. मी त्याच दिवशी पाठवला. पोच आली, त्यात सांत्वनाची एक ओळ होती. मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी खातं उघडेना. मी कस्टमर केअरला फोन लावला. बोलणारा मुलगा अतिशय नम्र होता.

"मॅम, खातं सुरक्षेसाठी लॉक केलंय. खातेदाराच्या नंबरवर ओटीपी जाईल, तो सांगा."

"खातेदार माझी आई. ती वारली. तो नंबर मी बंद केला."

"ओके मॅम. मग खातेदाराला फोनवर बोलवा, आवाजी पडताळणी करू."

मला वाटलं, त्याला ऐकू आलं नसेल. मी मोठ्याने म्हटलं, "अहो, आई गेली. दाखला पाठवलाय तुम्हाला."

"हो मॅम, समोरच आहे माझ्या. तुमच्या दुःखात सहभागी आहोत. पण प्रोसेसप्रमाणे विनंती खातेदारानेच करायला हवी."

माझ्या हातात सुई होती. ती मी तशीच गादीत खुपसून ठेवली. आईचा दाखला समोर ठेवून आईला फोनवर बोलवायला सांगणारं माणूस मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

नूतनीकरणाची तारीख जवळ आली. मैत्रिणीने पैसे भरायचा प्रयत्न केला. लॉक खात्यावर पैसे स्वीकारता येत नाहीत, असं उत्तर आलं. आम्ही मेलवर मेल पाठवल्या. प्रत्येक मेलला नवा तक्रार क्रमांक मिळायचा आणि आधीची तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद व्हायची.

तारीख उलटून गेली. मग एका सकाळी साताऱ्याच्या एका बाईंचा फोन आला. आईच्या जुन्या ओळखीच्या, माझा नंबर असलेल्या थोड्यांपैकी एक. त्या म्हणाल्या, "ताई, माझ्या नणंदेला तुमची साइट दाखवायला उघडली. तिचं परवाच ऑपरेशन झालंय. ताई, ते काय लावलंय हो तुम्ही तिथे?"

मी मैत्रिणीला हाक मारली. तिने तिच्या फोनवर उघडलं. वर लिहिलं होतं, हे नाव विक्रीसाठी उपलब्ध आहे. खाली कंपनीचंच चिन्ह. आणि त्याखाली जाहिराती. नावातला तो एक शब्द पकडून मशीनने लावलेल्या. छाती भरदार करण्याच्या गोळ्या, त्याची तेलं, आणि अर्धवट उघड्या बायकांचे फोटो. आईच्या शब्दांच्या जागी हे. मैत्रिणीच्या आईने वाकून बघितलं, कपाळावर आणि छातीवर क्रूस काढला आणि आत निघून गेली.

कंपनीचा पत्ता लोअर परळचा निघाला, घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. काचेचा टॉवर, खाली रिसेप्शन. तिथल्या माणसाने सांगितलं, "इथे कस्टमर अलाउड नाही. मेल करा." मैत्रीण भडकली. "मेलच करतोय रे चार महिने! माणूस दे एक समोर."

बऱ्याच वेळाने माझ्याच वयाची एक बाई खाली आली, गळ्यात कार्ड. मी पिशवीतून एक उशी काढून तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तिने ती तळहातावर तोलली. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "ताई, खरं सांगू? तुम्ही आई गेल्याचं कळवायलाच नको होतं. नंबर चालू ठेवायचा, ओटीपी द्यायचा, पैसे भरत राहायचे. कितीतरी लोक तसंच करतात. कोणाला काही कळत नाही."

"म्हणजे मी खरं बोलले म्हणून गेलं?"

तिने उशी मला परत दिली. मग म्हणाली, "नाव आता आमच्याच दुसऱ्या कंपनीकडे आहे, लिलावात. लोक रोज उघडतायत, म्हणून त्याला भाव आहे. मी निदान त्या जाहिराती काढायला सांगते."

लोक रोज उघडतायत. ते लोक म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. फसवणूक झाली की माणूस चिडतो, पण माझा राग कुठे गेला होता कोण जाणे. मी नुसती सुन्न होते.

तिने शब्द पाळला, जाहिराती आठवड्यात गेल्या. नाव मात्र परत मिळालं नाही. ओळखीच्या वकिलांनी अशा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या वरच्या संस्थेकडे तक्रार लिहून दिली. वर्षभराने उत्तर आलं: खातेदार हयात नाही आणि नाव मुदतीत नूतनीकृत झालेलं नाही, सबब कंपनीची चूक दिसत नाही. ते नाव कोणीतरी विकत घेतलंय. तिथे आता कोरं पान आहे.

आम्ही नवं नाव घेतलं, दुसऱ्या कंपनीकडे, मंडळ नोंदवून तिघींच्या नावाने. चिठ्ठ्या छापून हॉस्पिटलसमोरच्या औषधांच्या दुकानांत आणि पेशंट उतरतात त्या धर्मशाळेत ठेवल्या. हळूहळू मेल पुन्हा यायला लागल्या.

गेल्या हिवाळ्यात मिरजेची एक बाई चिठ्ठी घेऊन दारात आली. सोबत कोणी नव्हतं. मी माप घेत असताना ती म्हणाली, "मी तुम्हाला तीनदा मेल केली होती."

"कधी?"

"दोन वर्षं झाली. जुन्या पत्त्यावर. सगळं लिहिलं होतं मी. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते." ती खाली बघत होती. "उत्तर नाही आलं. मला वाटलं, काहीतरी जास्तच लिहून बसले."

मी तिला घडलेलं सांगितलं. मग तिने एकच विचारलं, "मग ती माझी पत्रं कोणाकडे गेली?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने पदर सावरला आणि उजवा हात वर केला, मला टेप नीट धरता यावी म्हणून.